प्रोव्हँची जत्रा

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटरांवर प्रोव्हँ हे तटबंदीचे गाव आहे. मोटारीतच बिऱ्हाड थाटून फिरणारे प्रवासी सकाळी येतात, बुरूज न्याहाळतात आणि सायंकाळी परततात. पण श्रोतेहो, हे गाव भरभराटीस आले ते काही तटाच्या दगडांमुळे नव्हे.

बाराव्या-तेराव्या शतकांत शँपेन प्रांतात वर्षाला सहा मोठ्या जत्रा भरत. त्यांतील दोन प्रोव्हँच्या. फ्लँडर्सचे व्यापारी लोकरी कापड आणीत, इटलीचे मिरी-मसाले नि रेशीम. खरेदी-विक्री संपली की हिशेबाचे दिवस येत. पुष्कळदा देणे पुढच्या जत्रेत फेडण्याच्या लेखी वायद्यावर राही. परमुलखातल्या अनोळखी माणसाला उधार द्यायचे म्हणजे धाडसच! ते शक्य झाले शँपेनच्या काउंटांच्या अभयवचनामुळे. ११४८ मध्ये प्रोव्हँच्या जत्रेस निघालेल्या वेझलेच्या सराफांना वाटेत लुटण्यात आले. वाट राजाच्या हद्दीतली, राजा धर्मयुद्धावर गेलेला. तरी काउंट दुसरा तिबो याने राज्याचा कारभारी मठाधिपती स्युझे याला पत्र धाडून न्याय मागितला. अशा लुटीकडे काणाडोळा झाला तर आपल्या जत्रा बुडतील, हे त्याने पुरते ओळखले होते.

१२८४ साली शँपेनची वारसदार झान हिचा विवाह झाला; पुढील वर्षी तिचा पती चौथा फिलिप फ्रान्सचा राजा झाला. मग फ्लँडर्सशी युद्ध पेटले, आणि इटलीची गलबते समुद्रमार्गे थेट ब्रुझला जाऊ लागली. जत्रा ओसरल्या, तट उभाच राहिला. २००१ साली युनेस्कोने जागतिक वारशात गावाची नोंद केली, तीही जत्रांचे गाव म्हणूनच.