दिनविशेष : १५ जुलै – सर जमशेटजी जीजीभॉय यांचा जन्म (१७८३)

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा पारशी मुलगा मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या मामांकडे आला, म्हणून पुढे लोक त्याला ‘बाटलीवाला’ही म्हणत. चीनच्या पाच सफरी त्याने केल्या. त्यांतल्या एकीत फ्रेंचांनी जहाज पकडले आणि होते नव्हते ते सारे गेले. तरीही कापूस व अफूच्या व्यापारात जमशेटजींनी अमाप पैसा मिळवला. अफूने चीनमध्ये किती घरे धुळीला मिळवली, हे त्यांच्या दानधर्माचे गोडवे गाताना विसरता येत नाही.

पण या माणसाची दृष्टी एकेका अडलेल्यापर्यंत पोहोचत होती, हेही तितकेच खरे. त्या काळी कर्ज थकले की थेट तुरुंगाची वाट. १८२२ मध्ये मुंबईच्या दिवाणी तुरुंगात असे खितपत पडलेल्या गरिबांची देणी जमशेटजींनी पदरचे पैसे भरून भागवली आणि त्यांना सोडवले. नाव मिळवून देणारी इस्पितळे, शाळा नंतरच्या.

जे. जे. कला महाविद्यालय आणि भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय ही त्यांचीच देणगी. १८४२ मध्ये ते ‘सर’ झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पत्नी आवाबाईही मागे नव्हत्या. माहीम–वांद्रे खाडीवरील रस्त्यासाठी त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि एकच अट घातली : येणाऱ्याजाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला.