प्रस्तावना : केसपेपरपासून कोडपर्यंत

औसा तालुक्यात सोयाबीनच्या रानात एखाद्या शेतकऱ्याला विषारी साप चावतो. लातूरच्या दवाखान्यात उपचार होतात, डॉक्टर केसपेपर लिहितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-१०' वर्गीकरणात तीच हकिगत अशी उतरते : सर्पविषाची बाधा झाली म्हणून टी ६३.०, ती सापामुळे झाली म्हणून एक्स २० आणि घटना शेतात घडली म्हणून त्यापुढे ७. अशा नोंदी नीट झाल्या, तर कोणत्या भागात, कुठे काम करताना माणसे दगावतात हे मोजता येते आणि औषधसाठ्याचे नियोजन करता येते. या नोंदी करणे म्हणजे मेडिकल कोडिंग.

मराठवाड्याला हे काम अगदीच परके नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. हीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आजार, तपासण्या आणि निवडलेले पॅकेज यांचा मेळ बसला नाही की दावा अडकतो, हे रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना रोज दिसते. हैदराबाद, पुणे, चेन्नईच्या कंपन्यांत मात्र बहुतांश काम अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांचे असते. अमेरिकेत आजारांसाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून 'आयसीडी-१०-सीएम' आणि डॉक्टरांनी केलेल्या उपचारांसाठी पाच अंकी 'सीपीटी' कोड वापरतात.

या क्षेत्राचा कणा एकच : डॉक्टरांनी जे लिहिले तेच कोडमध्ये यावे. समजा, कागदावर फक्त 'मधुमेह, टाइप २' आहे, तर कोड ई ११.९. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेले दिसले म्हणून कोडरने आपल्या मनाने मूत्रपिंडविकाराचा ई ११.२२ लावायचा नाही, डॉक्टरांना विचारायचे. बिल वाढेल म्हणून लावलेला कोड हा खोटेपणा आहे आणि तो रुग्णाच्या इतिहासात कायम राहतो.

सुरुवात शरीररचनेपासून करा. मग वैद्यकीय संज्ञा, त्यानंतर वर्गीकरणाचे नियम आणि शेवटी केसपेपरचा भरपूर सराव. फार्मसी, नर्सिंग, जीवशास्त्र, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेल्यांचा पाया तयारच असतो. लातूर पॅटर्नमध्ये घासून जीवशास्त्र केलेल्या आणि एमबीबीएसला प्रवेश न मिळालेल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगेन, ती मेहनत इथे कामी येते. कोडरच्या प्रमाणपत्रासाठी असलेल्या 'एएपीसी' या संस्थेच्या सीपीसी परीक्षेत १०० प्रश्न, चार तास आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण असतात. कोडची पुस्तके सोबत नेता येतात. म्हणून पाठांतरापेक्षा नेमका नियम शोधण्याची सवय मोलाची. नोकरीची हमी देऊन भरमसाट फी मागणाऱ्या क्लासपासून दूर राहा; 'आयसीडी-१०' जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळते.

पहिला अभ्यास आजच करा. नाव-पत्ता झाकलेले एक डिस्चार्ज कार्ड घ्या. निश्चित निदानाखाली रेघ ओढा, 'संशयित' आणि 'शक्यता' या शब्दांभोवती गोल करा. हा फरक ज्याला अचूक करता येतो, त्याने या विद्येचा अर्धा मार्ग पार केला.