हँडल, लिव्हर आणि जळता कागद

नेवाशाच्या प्रवराकाठी काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, वीज पोचण्याआधीच मोटेची जागा घेतली ती डिझेल इंजिनाने. पुण्याजवळ खडकीला 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पुढे तिचं पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं इंजिन विहिरीविहिरीवर जाऊन बसलं.

ते चालू करणं हे मात्र येरागबाळ्याचं काम नव्हतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की तिच्या नुसत्या धगीने तेल पेटावं. हा दाब मनगटाच्या जोरावर तोडता येत नाही. म्हणून आधी लिव्हर उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा आणि मग झटकन लिव्हर पाडायची. ती लवकर पाडली तर चाक अडतं, आणि इंजिन उलटलं तर हँडल मनगटावर येतं. जाणता गडी अंगठा हँडलभोवती वळवत नसे, तो बोटांच्याच बाजूला ठेवी. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल तर नट सैल करून आधी एअर काढा. एवढं करून इंजिन धडधडू लागलं तरी फूटव्हॉल्व्ह गळका असला की पंप पाणी ओढत नाहीच!

जुन्या ट्रॅक्टरांची तऱ्हा याहून न्यारी. जर्मनीच्या लांझ कंपनीचा बुलडॉग 1921 चा. ब्लोलॅम्पने त्याचं डोकं आधी तापवायचं आणि मग स्टिअरिंगच दांड्यासकट उपसून चाकात खोचून फिरवायचं. इंजिन उलटं सुरू झालं, तर पुढचा गिअर टाकूनही गाडी मागे जाई. इंग्लंडच्या फील्ड मार्शलमध्ये धुमसता कागद सिलिंडरच्या डोक्यात बसवत. हँडल मारवत नसेल त्याच्यासाठी बंदुकीसारखं काडतूस होतं. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1930 च्या दशकात वेगळी वाट काढली: आधी पेट्रोलवर चालू करा, मग डिझेलवर घ्या.

याच कंपनीशी भागीदारी करून महिंद्रांनी 1963 मध्ये मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-275 बाजारात आणला. त्याला बॅटरी आणि स्टार्टर होता. सोनई-भेंड्याच्या साखर कारखान्यांकडे ऊस ओढायचा तर असेच ट्रॅक्टर हवेत. पण बॅटरी उतरली की स्टार्टर कुचकामी. मग ट्रॅक्टर रात्री उतारावर लावायचा आणि सकाळी गिअरात ढकलून क्लच सोडायचा.