हिंगोली लोकसभा मतदारसंघ : विद्यमान खासदार आणि आव्हानवीर

हिंगोली लोकसभा मतदारसंघ हा मराठवाड्यातील, पण पैनगंगा ओलांडून विदर्भातही शिरलेला मतदारसंघ असून १९९१ पासून आजवर येथे एकाही खासदाराला सलग दुसऱ्यांदा निवडून येता आलेले नाही. विलासराव गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि नागेश पाटील आष्टीकर अशी ही साखळी आहे. माने व सूर्यकांता पाटील हे दोघे प्रत्येकी दोनदा निवडून आले, पण दोन्ही वेळा मध्ये दुसऱ्याची कारकीर्द आहे. महाराष्ट्रात एकाच घराण्याकडे किंवा एकाच पक्षाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मतदारसंघ बरेच असल्याने हिंगोलीची ही वाटचाल अभ्यासण्याजोगी ठरते. विशेषतः २०१४ आणि २०२४ या दोन निवडणुका आव्हानवीराची मोहीम गावपातळीवर कशी उभी राहते हे दाखवतात.

आव्हानवीराला मिळणारी वाट मात्र सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत सिनेटचे सदस्य १९१३ मधील सतराव्या घटनादुरुस्तीपासून थेट जनतेकडून निवडले जातात आणि विद्यमान सिनेटरला त्याच्याच पक्षातील प्रतिस्पर्धी प्राथमिक निवडणुकीत हरवू शकतो. भारतात राज्यसभेचे सदस्य आमदारांच्या मतांवर निवडून येतात. त्यामुळे सामान्य मतदाराला दिल्लीतील प्रतिनिधी बदलायचा तर त्याच्या हाती लोकसभेचेच मत असते. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग काँग्रेसने २०१४ मध्ये लातूरसह मोजक्या ठिकाणी करून पाहिला, पण तो रुजला नाही. उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. गावातला कार्यकर्ता ती मिळवून देऊ शकत नाही, मात्र मिळालेली उमेदवारी तारू किंवा बुडवू शकतो.

मतदारसंघात हिंगोली जिल्ह्यातील हिंगोली, कळमनुरी व वसमत, नांदेड जिल्ह्यातील हदगाव व किनवट आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड (अनुसूचित जातींसाठी राखीव) असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. एका टोकाला सेनगाव, दुसऱ्या टोकाला तेलंगणाच्या हद्दीवरचे किनवट आणि माहूर. वसमतच्या बाजूला येलदरी-सिद्धेश्वर प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी, ऊस, केळी आणि पूर्णा सहकारी साखर कारखान्याचे राजकारण. किनवटकडे डोंगर, जंगल, आदिवासी पाडे आणि बंजारा तांडे. मराठा, बंजारा, हटकर-धनगर, बौद्ध, मुस्लिम, आंध, गोंड असे अनेक समाज येथे आहेत आणि यांपैकी एकाच्याच बळावर जागा जिंकता येत नाही. तीन जिल्ह्यांत विभागलेल्या या प्रदेशात खासदार ज्या विधानसभा मतदारसंघाचा असेल तो सोडून उरलेल्या पाच ठिकाणी ‘आमच्याकडे फिरकलेच नाहीत’ ही तक्रार हमखास ऐकू येते. विद्यमान खासदाराचे पहिले नुकसान येथूनच सुरू होते.

मतदारसंघातील पहिली निवडणूक १९७७ ची. त्या वर्षीच्या जनता लाटेत चंद्रकांत पाटील निवडून आले. १९८०, १९८४ आणि १९८९ अशा लागोपाठ तीन वेळा काँग्रेसचे उत्तमराव राठोड जिंकले; सलग निवडून येणारे ते या मतदारसंघातील एकमेव खासदार. १९९१ मध्ये गुंडेवार यांच्या रूपाने शिवसेना आली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत शिवसेनेच्या शाखा निघण्याचा तो काळ होता. त्यानंतर १९९६ व १९९९ मध्ये माने, तर १९९८ व २००४ मध्ये सूर्यकांता पाटील, अशी जागा आलटूनपालटून फिरली. पाटील त्यापूर्वी १९९१ मध्ये नांदेडच्या खासदार झाल्या होत्या आणि २००४ नंतर त्यांना केंद्रात राज्यमंत्रिपद मिळाले. मंत्रिपदाचा लाभ मात्र २००९ मध्ये मतपेटीत दिसला नाही. हदगावचे तीन वेळचे आमदार, शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांनी त्यांना ७३ हजारांहून अधिक मतांनी हरवले.

येथील मोहिमेची घडण समजून घेण्यासाठी हंगाम पाहावा लागतो. २०१४ चे मतदान १७ एप्रिलला, २०१९ चे १८ एप्रिलला आणि २०२४ चे २६ एप्रिलला झाले. हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रचाराच्या दिवसांत हळद काढून, शिजवून खळ्यावर वाळत पडलेली असते, पॉलिश करून ती हिंगोलीच्या बाजारात न्यायची घाई असते आणि त्यातच लग्नसराई चालू असते. दुपारी ऊन बाहेर पडू देत नाही. म्हणून खरा प्रचार सकाळी दहाच्या आत आणि दिवस मावळल्यावर पारावर, मंदिराच्या ओट्यावर, तांड्यात नाईक-कारभाऱ्यांच्या बैठकीत होतो. लग्नमंडपात उमेदवाराने अक्षता टाकायला येणे हाही प्रचारच असतो आणि तो चुकवणारा उमेदवार गावाच्या लक्षात राहतो. कारखान्यांचे गाळप संपून ऊसतोड मजूर तांड्यावर परतले की नाही, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरे मतदानाला येणार की नाही, याचा हिशेब उमेदवाराच्या भाषणापेक्षा जास्त मोलाचा असतो.

हा हिशेब मतदारयादीच्या पानांवर चालतो. गावातला कार्यकर्ता यादी घेऊन बसतो आणि नावापुढे खूण करत जातो: हा आपला, हा त्यांचा, हा बाहेरगावी, ही सासरी गेली, हा वारला. खुणा केलेली यादी हेच आव्हानवीराचे भांडवल, कारण विद्यमान खासदाराकडे निधीतून झालेली सभामंडपे आणि हातपंप दाखवायला असतात, तर आव्हानवीराकडे तसे काही नसते. मतदानाच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या वाटल्या जातात. दुसऱ्या दिवशी केंद्रात बसलेला पोलिंग एजंट यादीवर टिपण करतो आणि दुपारी कोण आले नाही त्याची नावे बाहेर पोहोचवतो. मतदाराला उमेदवाराच्या वाहनातून केंद्रावर आणणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. म्हणून बोलावण्याचे काम पायी आणि फोनवर करायचे असते. मतदान संपताच केंद्राध्यक्ष झालेल्या मतांचा हिशेब नमुना १७-ग वर लिहून एजंटांना त्याची प्रत देतात. ती प्रत जपून ठेवणे हे नवख्या पक्षयंत्रणेकडून नेहमी सुटणारे काम आहे, आणि निकाल निसटता असेल तेव्हा त्याच कागदाची किंमत कळते.

असा निकाल २०१४ मध्ये लागला. काँग्रेस-राष्ट्रवादी काँग्रेस आघाडीत हिंगोलीची जागा राष्ट्रवादीकडे होती. रायगडच्या बदल्यात ती काँग्रेसकडे आली आणि राजीव सातव यांना उमेदवारी मिळाली. सातव कळमनुरी तालुक्यातील मसोडचे, माजी राज्यमंत्री रजनी सातव यांचे पुत्र. घरातच राजकारण असले तरी त्यांची सुरुवात पंचायत समितीपासून झाली. पुढे ते जिल्हा परिषदेवर गेले, २००९ मध्ये कळमनुरीचे आमदार झाले आणि २०१० पासून अखिल भारतीय युवक काँग्रेसचे अध्यक्ष होते. दिल्लीतले पद मोठे, पण पंचायत समितीच्या गणातील गावे आणि तिथली माणसे नावानिशी माहीत असणे या लढतीत जास्त उपयोगी पडले, असे म्हणावे लागते.

समोर वानखेडे होते आणि नरेंद्र मोदी यांच्या नावाची देशव्यापी लाट होती. मात्र सातव यांना पूर्णपणे एकटा पडलेला आव्हानवीर मानता येत नाही. हिंगोलीत भाऊराव पाटील गोरेगावकर, हदगावात माधवराव पवार जवळगावकर, उमरखेडला विजय खडसे हे काँग्रेसचे, वसमतला जयप्रकाश दांडेगावकर आणि किनवटला प्रदीप नाईक हे राष्ट्रवादीचे आणि कळमनुरीत स्वतः सातव असे सहाही आमदार आघाडीचे होते. खासदार शिवसेनेचा आणि आमदार सगळे विरोधी बाजूचे, अशी ती उलटी मांडणी होती. तरीही १६ मे २०१४ च्या मतमोजणीत सातव यांना ४,६७,३९७ आणि वानखेडे यांना ४,६५,७६५ मते पडली. फरक १,६३२ मतांचा. सहा विधानसभांत वाटला तर एका विधानसभेमागे २७२ मते, म्हणजे प्रत्येक विधानसभेत मध्यम आकाराच्या एका गावाचा एखादा वॉर्ड इकडचा तिकडे झाला असता तर निकाल फिरला असता. राज्यातील ४८ जागांपैकी काँग्रेसला त्या वर्षी दोनच मिळाल्या, हिंगोली आणि अशोक चव्हाण यांची नांदेड. देशभरात पक्ष ४४ वर आला. लाटेत टिकलेल्या या जागेचे श्रेय नेत्यांच्या सभांना देण्याचा मोह होतो. पण इतक्या थोड्या फरकाचा विजय पाहता यादीवर खुणा करणाऱ्या आणि दुपारी चार वाजता उरलेल्या मतदाराला घरातून उठवून आणणाऱ्या माणसांचा वाटा मान्य करावाच लागतो.

लोकसभेत सातव यांनी प्रश्न विचारण्यात सातत्य राखले आणि त्यांना संसदरत्न पुरस्कारही मिळाला. पुढे पक्षाने गुजरातची जबाबदारी सोपवल्यावर २०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. पुन्हा उभे राहून सलग दुसरा विजय मिळतो का, याची परीक्षा त्यामुळे झालीच नाही. २०२० मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि १६ मे २०२१ रोजी, कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने, पुण्यात त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये काँग्रेसने वानखेडे यांनाच, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या आपल्याच प्रतिस्पर्ध्याला, उमेदवारी दिली. गावागावांत ज्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले होते त्यांनी आता त्यांच्यासाठी मते मागायची, हे जमले नाही. शिवसेनेचे हेमंत पाटील ५,८६,३१२ मते घेऊन २,७७,८५६ मतांनी विजयी झाले. वंचित बहुजन आघाडीचे मोहन राठोड यांनी १,७४,०५१ मते मिळवली. तांडा आणि बौद्धवाडा एकत्र आल्यावर तिसरी शक्ती किती मोठी होते याची ती ठळक नोंद.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. हेमंत पाटील एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. उद्धव ठाकरे यांच्यासाठी हिंगोलीत जाहीरपणे रडलेले कळमनुरीचे आमदार संतोष बांगर हेही शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी, ४ जुलैला, शिंदे गटात दाखल झाले. खासदार गेला, आमदार गेला, गावची शाखा मात्र बरीचशी जागेवर राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधी यांची भारत जोडो यात्रा जिल्ह्यातून गेली तेव्हा आदित्य ठाकरे तीत चालले. तीस वर्षे एकमेकांविरुद्ध मते मागितलेल्या काँग्रेस आणि शिवसेनेच्या कार्यकर्त्यांना एकाच रस्त्यावर चालायची सवय तिथून लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये हिंगोलीच्या रामलीला मैदानावर उद्धव ठाकरे यांची सभा झाली आणि त्याच काळात मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठवाडा ढवळून निघाला.

मार्च २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेने हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर केली. भाजपच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी उघड विरोध केला आणि एप्रिलच्या सुरुवातीला ती मागे घेतली गेली. त्यांच्या जागी हदगाव तालुक्यातील बाबुराव कदम कोहळीकर यांना उभे केले गेले, तर हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना यवतमाळ-वाशिममधून उमेदवारी मिळाली. विद्यमान खासदार मतदाराच्या दारात जाण्याआधीच बाजूला झाला, तोही मित्रपक्षाच्या तालुका पातळीवरील माणसांच्या रेट्यामुळे. या मतदारसंघाच्या इतिहासात हा प्रकार वेगळाच म्हटला पाहिजे. ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर हेही हदगावचेच, २०१४ ते २०१९ या काळातील आमदार. दोन शिवसेना, दोघे एकाच तालुक्याचे, एकाकडे धनुष्यबाण आणि दुसऱ्याकडे मशाल हे नवे चिन्ह. वर्षानुवर्षे धनुष्यबाणाची सवय असलेल्या म्हाताऱ्या मतदाराला मशाल ओळखायला शिकवणे हे आष्टीकरांच्या कार्यकर्त्यांपुढचे मोठे काम होते.

सहापैकी एकच आमदार, हदगावचे जवळगावकर, आष्टीकरांच्या बाजूचा होता. उरलेले पाच महायुतीचे, म्हणजे शिंदे यांची शिवसेना, भाजप आणि त्यांच्या मित्रपक्षाचे होते. तरीही ४ जून २०२४ रोजी आष्टीकर ४,९२,५३५ मते मिळवून १,०८,६०२ मतांनी विजयी झाले. कदम यांना ३,८३,९३३ आणि वंचितचे बी. डी. चव्हाण यांना १,६१,८१४ मते पडली. सहाही आमदार पाठीशी असताना २०१४ च्या आव्हानवीराला १,६३२ चे मताधिक्य मिळते आणि एकच आमदार असताना २०२४ च्या आव्हानवीराला लाखावर मिळते, यावरून आमदारांची बेरीज ही लोकसभेच्या निकालाची किल्ली नाही हे उघड होते. मराठवाड्यातील आठपैकी सात जागा त्या वेळी आष्टीकर ज्या महाविकास आघाडीचे उमेदवार होते तिच्याकडे गेल्या, म्हणजे हवेचाही भाग मोठा होता. फुटलेल्या पक्षात तळाचा कार्यकर्ता कोणाकडे राहिला, हे मात्र ज्याचे त्याला गावात आधीच माहीत होते.

त्यानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, सहाही जागा महायुतीने जिंकल्या. हिंगोलीत तान्हाजी मुटकुळे, कळमनुरीत बांगर, वसमतला राजू नवघरे, किनवटला भीमराव केराम आणि उमरखेडला किसन वानखेडे निवडून आले. लोकसभेत हरलेले बाबुराव कदम कोहळीकर जवळगावकरांना हरवून हदगावचे आमदार झाले. हेमंत पाटील यांची ऑक्टोबर २०२४ मध्ये विधान परिषदेवर नियुक्ती झाली होती, आणि सूर्यकांता पाटील मधली काही वर्षे भाजपमध्ये राहून जून २०२४ मध्ये शरद पवार यांच्या राष्ट्रवादीत परतल्या.