किनाऱ्यावरची सुटी : आधी तिथी, मग तिकीट

पौर्णिमेला जोडून शनिवार-रविवार आला की शहरांतून अनेकांची पावले कोकण किनाऱ्याकडे वळतात. चांदण्यात वाळूवर तंबू ठोकावा, सकाळी गळ टाकून बसावे, खाडीत कयाक वल्हवावी, असा बेत असतो. सायंकाळी पाचच्या सुमारास मंडळी पोहोचतात, तेव्हा पाणी दूरवर गेलेले असते आणि पुळण कधी नव्हे इतकी रुंद दिसते. लाटांचा आवाज जवळ असावा म्हणून तंबू पुढे सरकवला जातो. पौर्णिमेची भरती मात्र रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास पूर्ण होते. सर्वजण झोपेत असतानाच पाणी तंबूच्या दारात येते.

असा बेत बहुतेक वेळा सुटीचे दिवस, रेल्वेचे आरक्षण आणि निवासाचे दर पाहून आखला जातो. समुद्राचे वेळापत्रक त्यात नसते. मासेमारी, कयाकिंग आणि तंबूतील मुक्काम या तिन्ही गोष्टींची वेळ, जागा व सुरक्षितता त्याच वेळापत्रकावर ठरते. किनाऱ्यावरील दुर्घटनांचा इतिहास ताजा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळील वायरी येथे बेळगावहून आलेल्या सहलीतील आठ जणांनी प्राण गमावले. दोन्ही घटना पावसाळ्यातील नव्हेत, पर्यटनाच्या हंगामातील आहेत.

पाऊणपटीचा हिशेब

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा कोकणात प्रचलित आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो. दिवसात दोनदा भरती येते आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. स्थळानुसार वेळेत थोडा फरक पडतो. अचूक वेळेसाठी त्या त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे, परंतु बेत आखण्यास भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे.

भरतीची वेळ कळली तरी तिचा जोर वेगळा पाहावा लागतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकत्र येते आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या आसपास ते परस्परांना काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती होते. भांगात पाणी कमी चढते, कमी उतरते आणि खाडीतील ओढही सौम्य असते. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक होतो. मालवणकडे तो सुमारे दोन मीटर असला, तरी सपाट पुळणीवर तेवढ्याने पाणी बरेच आत येते.

हंगाम

अशा सहलीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी ती आवश्यक आहे. जलक्रीडा आणि किल्ल्याकडे जाणारी प्रवासी वाहतूकही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत साधारणपणे बंद राहते. श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी बांधव दर्याची पूजा करतात. पावसाळा सरत आल्याची ती खूण असली, तरी समुद्र लगेच शांत होतो असे नाही. अरबी समुद्रातील चक्रीवादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ यांचे तडाखे कोकणाने सोसले आहेत. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांविषयीचा अंदाज अवश्य पाहावा.

मालवणचा परिसर

तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साधायच्या असतील, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग हा पट्टा सोयीचा. कोकण रेल्वेने कुडाळ अथवा कणकवली येथे उतरून रस्त्याने मालवण गाठता येते. देवबाग ही एक चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदी, अशी दोन पाणी काही मिनिटांच्या चालीवर भेटतात. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते, पलीकडे भोगवे. मालवण बंदरासमोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. याच परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याच्या गाभाक्षेत्रात मासेमारी करता येत नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात टाकणे हाही गुन्हा ठरतो.

कयाक खाडीतच

नवशिक्यांनी कयाक खुल्या समुद्रात नेऊ नये. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पाणी शांत भासते, पण हलकी कयाक नकळत किनाऱ्यापासून दूर जाते. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि लाटा उठतात. कर्लीच्या पात्रात, कांदळवनाच्या कडेने जाणे त्यामानाने सुरक्षित. तेथील नियम एकच : भरतीच्या पाण्याबरोबर वर जावे आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर परतावे. पाण्याशी झगडावे लागत नाही. मात्र परतताना मुखाच्या बऱ्याच आधी किनारा धरावा. ओहोटी लागल्यावर सारी नदी त्या अरुंद मुखातून समुद्राकडे धावत असते, आणि समोरून येणाऱ्या लाटांशी तिची गाठ पडते. जीवरक्षक जॅकेट अंगात, बंद बांधलेले असावे. ते कयाकमध्ये ठेवलेले उपयोगाचे नाही. सोबत स्थानिक जाणकार असावा.

गळ आणि रापण

गरवण्यासाठी वाहते पाणी लागते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा पहिला प्रहर यांत मासा खाद्य शोधत फिरतो. स्थिर पाण्यात गळ टाकून तासन्‌तास बसणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. खाडीत काळुंदर, शेवटे, तांबोशी मिळतात. गरीला कोळंबी किंवा तारलीचा तुकडा लावला जातो. खडकावरून गळ टाकताना पाठीमागची वाट भरतीत बुडणार नाही ना, हे आधी पाहावे. लहान मासा पाण्यात परत सोडावा आणि तुटलेली तंगूस किनाऱ्यावर टाकू नये. कासवे व पक्षी तिच्यात अडकतात.

ज्यांना स्वतः गरवायचे नाही, त्यांनी रापण पाहावी. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी ओढून किनाऱ्यावर आणले जाते. हात लावण्यास बहुधा कोणी नको म्हणत नाही. तथापि हे त्यांचे पोट आहे, पर्यटकांसाठी मांडलेला खेळ नव्हे. दोर ओलांडू नये, जाळ्याच्या आत पोहू नये. जाळ्यातून निघालेल्या पाकटाच्या शेपटीत आणि शिंगाळ्याच्या काट्यात विष असते, त्यांना हाताळू नये. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरावी आणि तातडीने दवाखाना गाठावा.

तंबूची जागा

वाळूवर सुकलेले शेवाळ, शिंपले आणि काटक्यांची एक रेघ दिसते. ती मागील भरतीची खूण होय. भांगात दिसणारी रेघ उधाणात ओलांडली जाते, म्हणून तिच्या बऱ्याच वर, शक्यतो पुळणीच्या मागे तंबू लावावा. नारळाखाली लावू नये, फळ आणि झावळी केव्हाही पडते. सुरूची बने अनेक ठिकाणी वन विभागाची आहेत, तेथे परवानगीविना मुक्काम करू नये. एखाद्या घरगुती निवासाच्या वाडीत जागा मागणे सर्वांत सोयीचे. पाणी, शौचालय आणि मदतीची हाक ऐकणारे माणूस, तिन्ही जवळ राहतात. हिवाळ्यात वायंगणी, तोंडवळीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे रात्री शेकोटी आणि प्रखर दिवे टाळावेत.

पोहण्याचा मोह झालाच, तर स्थानिकांनी दाखविलेल्या जागीच उतरावे. परतीच्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे थेट पोहण्याचा अट्टहास करू नये. किनाऱ्याला समांतर सरकून प्रवाहाबाहेर पडावे, मग वळावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक प्रत्येकाजवळ असावेत.

शुक्ल दशमीचा बेत

हे सारे जुळवून पाहिले तर शुक्ल दशमी ते द्वादशी हे तीन दिवस हाती येतात. भांग नुकताच सरत असल्याने पाण्याची ओढ बेताची असते. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते. म्हणजे कोवळ्या उन्हात कयाक वर न्यावी, ओहोटीबरोबर परतावे आणि दुपारच्या वाऱ्याआधी किनारी यावे. गरवण्याची वेळही सकाळ-संध्याकाळ सोयीची पडते. चांदणे मध्यरात्र उलटेपर्यंत लाभते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्रीची भरती आठ-नऊच्या सुमारास, जेवणाच्या वेळी येते. पाणी कोठवर आले हे झोपण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. पौर्णिमेचे पूर्ण चांदणे त्यासाठी चार-पाच दिवस सोडावे लागते, इतकेच. सुटी पुढे-मागे करता येते, भरती करता येत नाही.