बोगद्यातली चित्रे

दिवाळीत पोरे फुलबाजी पेटवून हात गरगर फिरवतात आणि अंधारात प्रकाशाचे अखंड कडे उमटते. ठिणग्या असतात एका जागीच, पण वेगामुळे डोळ्याला ती जागा धरता येत नाही आणि त्यांची रेघ होते. डोळ्याच्या या उणिवेवर मात करून माणसाने स्थिर चित्रांना हलायला कसे लावले आणि ती हलती चित्रे पुढे भुयारी रेल्वेच्या बोगद्यात कशी जाऊन बसली, ती हकीकत मोठी मौजेची आहे. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

चित्रांतून कथा पाहण्याच्या आपल्याकडे दोन जुन्या तऱ्हा आहेत. पिंगुळीचा चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे धरून कथा सांगतो. तेथे प्रेक्षक बसलेला असतो आणि चित्र बदलते. वेरूळच्या कैलास लेण्यात याच्या उलट. तेथे रामायण-महाभारतातले प्रसंग भिंतीवर ओळींनी कोरलेले आहेत. दगड जागचा हलत नाही, चालायचे ते आपण. सिनेमाने पहिली तऱ्हा उचलली, बोगद्याने दुसरी. मात्र वेरूळला आपण हवे तेथे थांबतो, हवे तेव्हा पाठ फिरवतो. भुयारी गाडीतला उतारू तसा मोकळा नसतो. गाडी नेईल तिकडे त्याने जायचे आणि खिडकीबाहेर असेल ते पाहायचे.

अशा अडकून पडलेल्या डोळ्यांची किंमत व्यापाऱ्यांच्या ध्यानात न येती तरच नवल. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली. पुढे तिच्या बोगद्यांच्या भिंतींवर दुबोने नावाच्या मद्याची जाहिरात रंगवली गेली, तीही हप्त्याहप्त्याने. आधी ‘दुबो’, मग ‘दुबों’ आणि शेवटी पुरते ‘दुबोने’. पहिल्या दोन तुकड्यांच्या उच्चारात फ्रेंच माणसाला ‘सुंदर’ आणि ‘चांगले’ असे अर्थ ऐकू येतात. कासांद्र या नामवंत चित्रकाराने १९३२ साली याच तीन शब्दांवर भित्तिचित्र केले. टेबलाशी बसलेला एक गृहस्थ पेला हाती घेतो, पितो आणि पुन्हा भरून घेतो. जसजसे मद्य पोटात उतरते, तसतसा त्याच्या कोऱ्या अंगात रंग चढत जातो! चित्रे तीनच आणि तीही स्थिर, पण ती ओळीने पाहिली की गोष्ट पुरी होते.

चित्राला खरोखरीच हलते करण्याची युक्ती याच्या पुष्कळ आधीची आहे. बेल्जियमच्या झोझेफ प्लातो या शास्त्रज्ञाने १८३२ साली एक तबकडी बनवली. तिच्यावर क्रमाने चित्रे आणि काठाला फटी. ती आरशापुढे फिरवून फटीतून पाहिले की चित्र नाचू लागे. जगाला हलते चित्र दाखवणारा हा माणूस पुढे स्वतः आंधळा झाला, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. दोनच वर्षांनी, १८३४ साली, इंग्लंडातल्या हॉर्नरने तबकडीच्या जागी गोल पिंप आणले. बीजगणितात ज्याची रीत आपण शिकलो, तोच हा हॉर्नर. या पिंपाला पुढे झोट्रोप हे नाव पडले.

यातली सारी करामत फटीची आहे. चित्र डोळ्यांपुढून नुसते सरकत गेले, तर फुलबाजीसारखी त्याची रेघ होईल. अरुंद फट मात्र प्रत्येक चित्राची क्षणभरच ओळख करून देते आणि लगेच पडदा टाकते. अशा ओळखी झरझर झाल्या की मन त्या आपोआप जोडून घेते आणि आपण म्हणतो, चित्र हलले.

आता हे पिंप कापून उलगडले, भिंतीला लांबच लांब लावले आणि ते फिरवण्याऐवजी आपणच त्याच्यासमोरून धावलो तर? बिल ब्रँड या न्यूयॉर्कच्या चित्रपटकाराने १९८० साली नेमके हेच केले. ब्रुकलिनमधले मर्टल अव्हेन्यू हे भुयारी स्थानक १९५६ पासून बंद होते. गाड्या त्याच्यासमोरून न थांबता जात. त्याच्या ओसाड फलाटावर ब्रँडने हाताने रंगवलेली २२८ चित्रे ओळीने बसवली, त्यांच्यापुढे उभ्या फटींची भिंत घातली आणि आत दिवे लावले. या कृतीचे नाव ‘मास्ट्रान्झिस्कोप’.

मी ती पाहिली आहे. डिकॅल्ब अव्हेन्यू सोडून गाडी मॅनहॅटन पुलाकडे निघते आणि एकाएकी काळोखात रंगांचे आकार उमलू लागतात, एकमेकांत मिसळतात, अग्निबाण वर झेपावतो, आणि वीसेक सेकंदांत पुन्हा काळोख. मी गेलो तेव्हा गाडी मध्येच रेंगाळली, तर चित्रही रेंगाळले. येथे यंत्र फिरवणारा मोटरमन असतो आणि त्याला त्याची दादही नसते. त्या वीस सेकंदांत कोणी मला काही विकले नाही, याचे मला फार अप्रूप वाटले.

पण फुकट मिळालेल्या वस्तूला वाली नसतो. काही वर्षांतच दिवे गेले, काजळी बसली, चित्रांवर लोकांनी रेघोट्या ओढल्या आणि हे काम विस्मरणात गेले. २००८ साली त्याचा जीर्णोद्धार झाला. २०१२ च्या सँडी वादळात गाड्या बंद असताना पुन्हा कोणी त्यावर रंग फासला, तो २०१३ साली काढावा लागला.

तोवर व्यापारही जागा झाला होता. जोशुआ स्पोडेक या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने झोट्रोपचेच तत्त्व जाहिरातीसाठी वापरले. २००१ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या बोगद्यात दासानी या बाटलीबंद पाण्याची हलती जाहिरात उतारूंना दिसली. मग इतर शहरांतूनही असे बोगदे झाले. विद्या तीच, फट तीच. फरक एवढाच की येथे डोळ्यांचे भाडे ठरलेले असते. मला जाहिरातीचा तिटकारा नाही. कासांद्रने तिच्यातूनही कला उभी केली, आणि तिकिटाच्या पैशात रेल्वे चालत नाही हेही खरे. जाहिरातीचा दिवा गेला तर तो बदलणारा माणूस त्याच दिवशी धावत येतो. चित्राच्या दिव्यासाठी वर्षानुवर्षे कोणी येत नाही, एवढेच मला सलते.

हे सारे परमुलखातले म्हणून सोडून द्यावे, तर आता तसेही राहिले नाही. पुण्यात सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रो २०२४ साली सुरू झाली. मुंबईची आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरांची मार्गिका २०२५ साली पुरी झाली. मैलोगणती काळोख्या भिंती आपल्याही वाट्याला आल्या आहेत. त्यांचे भाडे अवश्य घ्यावे. पण प्रत्येक मार्गावरचा एक शंभर पावलांचा तुकडा चित्रकारासाठी राखून ठेवावा, आणि त्याच भाड्यातून दिवे बदलणाऱ्याचा आणि काजळी पुसणाऱ्याचा पगार पहिल्याच दिवशी बाजूला काढावा. पिंगुळीच्या चित्रकथींची पोथी तेथे मांडली, तर दमून घरी निघालेल्या माणसाला दोन स्थानकांच्या मधल्या काळोखात सीताहरण घडताना दिसेल, आणि त्याबद्दल त्याच्यापाशी कोणी काही मागणार नाही.