‘इत्सावोन’ : एक हिब्रू शब्द आणि प्रसूतिवेदनांचा वाद

१/ बाळंतपणात भूल द्यावी की नाही, हा प्रश्न १८४७ मध्ये एका प्राचीन हिब्रू शब्दाच्या अर्थापर्यंत जाऊन पोहोचला. तो शब्द ‘इत्सावोन’.

२/ हिब्रू बायबलमध्ये हा शब्द केवळ तीनदा येतो आणि तिन्ही वेळा ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथात. एदेन बागेतील आज्ञाभंगानंतर स्त्रीच्या वाट्याला प्रसूतीचे ‘इत्सावोन’ येते (३:१६), तर पुरुषाच्या वाट्याला शेतीचे (३:१७). तिसरा उल्लेख नोहाच्या जन्माच्या वेळचा (५:२९).

३/ शब्द एकच. पण १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात पहिल्या दोन ठिकाणी त्याचा अर्थ ‘दुःख’ असा झाला, तिसऱ्या ठिकाणी ‘श्रम’.

४/ नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स यंग सिम्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले. ‘वेदना हे ईश्वरी विधान आहे, ती शमवणे पाप’ असा आक्षेप निघाला. डिसेंबरमध्येच सिम्सन यांनी त्यास उत्तर देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली.

५/ त्यांचा युक्तिवाद असा : ३:१६ मध्येच येणारा ‘एत्सेव’ हा सगोत्र शब्द श्रमवाचक आहे, प्रसूतीच्या कळांसाठी हिब्रूत ‘हील’, ‘हेवेल’ असे निराळे शब्द आहेत. शिवाय स्त्रीची वेदना कमी करणे पाप असेल, तर पुरुषाचे श्रम हलके करणारे बैल, घोडे आणि वाफेची यंत्रेही पापच ठरतील.

६/ युक्तिवादाचा दुसरा भाग बिनतोड होता, पहिला एकांगी. कारण याच धातूपासून बनलेले क्रियापद ६:६ मध्ये खुद्द ईश्वराच्या मनस्तापासाठी येते. तेथे श्रमाचा प्रश्नच नाही. आधुनिक हिब्रूतही ‘आत्सूव’ म्हणजे खिन्न.

७/ मराठीतील ‘कष्ट’ हा शब्द या अर्थच्छटेच्या बराच जवळ जातो. कष्ट म्हणजे मेहनत, कष्ट म्हणजे यातना आणि ‘कष्टी’ म्हणजे दुःखी. देह शिणतो तेव्हा मनही शिणते, हे दोन्ही भाषांनी एकाच शब्दात साठवले.

८/ चर्चने भूल देण्यास एकमुखाने विरोध केला, ही प्रचलित कथा अतिरंजित आहे. अनेक डॉक्टरांची शंका धार्मिक नव्हे, वैद्यकीय होती : माता आणि अर्भक सुरक्षित राहतील काय?

९/ ७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिले. हेच स्नो पुढल्या वर्षी लंडनमधील कॉलऱ्याच्या शोधामुळे इतिहासात अमर झाले. राणीच्या उदाहरणाने प्रसूतीतील भुलीला प्रतिष्ठा लाभली.

१०/ भाषांतरकाराने निवडलेला एक प्रतिशब्द शतकानुशतके धर्माज्ञेसारखा वाचला जाऊ शकतो. म्हणूनच मूळ शब्दाकडे परत जाणे हा निव्वळ पांडित्याचा विषय नसतो. येथे प्रश्न प्रसूतिगृहातील स्त्रीच्या वेदनेचा होता.